पुरुष गुंतवण्याचं काम

पूरग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत कामं दोनच प्रकारची होती. एक, घरातल्या बाईशी एकटीशी बोलून, पुराच्या वेळी तिचं नेमकं काय झालं ते विचारायचं. दुसरं, ती एकटी सापडेल अशी व्यवस्था करायची. पहिलं काम बायकांकडे होतं. दुसऱ्यासाठी पुरुष हवे होते, कारण पहिल्याच आठवड्यात असं लक्षात आलं की प्रश्न बाईला विचारला तरी उत्तर नवरा देतो. "निवाऱ्यात कपडे बदलायला आडोसा होता का?" या प्रश्नालाही एका गृहस्थांनी "हो, भरपूर" असं ठणकावून सांगितलं होतं. पूर आला तेव्हा ते बाहेरगावी होते.

म्हणून प्रत्येक पाहणीवालीबरोबर एक पुरुष द्यायचं ठरलं. त्याने घरातल्या पुरुषांना दाराबाहेर काढायचं आणि आतलं काम उरकेपर्यंत बोलण्यात गुंतवून ठेवायचं. संस्थेच्या कागदांवर या पदाला 'सहायक समन्वयक' म्हणत. आपसात 'गुंतवा' म्हणत.

फूटपट्टीकाका या पदासाठीच जन्माला आले होते. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नदीच्या पातळ्यांचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतरही शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी असे, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं. कुठल्याही विषयावर ते शांतपणे, न थकता आणि समोरच्याला न दुखावता बोलू शकत. समोरच्याला उठून जाता येत नसे, एवढीच त्या बोलण्याची खोड होती.

मात्र ते संस्थेत आले ते समाजसेवेचा उमाळा दाटून आला म्हणून नव्हे. बायकोने धाडलं होतं.

मागच्या पुरात संध्याकाळीच इशारा देणारी भोंग्याची गाडी फिरली, तेव्हा बायको म्हणाली, "चला, निघू या." काकांनी खिडकीतून नदीकडे बघितलं आणि निर्वाळा दिला, की पाणी आपल्या तिसऱ्या पायरीच्या वर येत नाही. पाण्याला हे कुणी कळवलेलं नव्हतं. पहाटे कंबरभर पाण्यातून त्यांनी आणि शेजाऱ्याने आईला खुर्चीसकट उचलून नेलं. खुर्चीत आई "पाय भिजतायत रे" एवढंच म्हणत होती. बायकोचं शिवणयंत्र मागे राहिलं. अर्ध्या गल्लीचे गणवेश आणि पडदे शिवणारं ते यंत्र चिखलातून निघालं, तेव्हा त्याचं चाक फिरेना.

बायको रडली नाही, भांडली नाही. नवं यंत्र आलं त्या दिवशी तिने एकच मागणं केलं. "पुढच्या वेळी कधी निघायचं ते मी ठरवणार."

"बरं, बघू," काका म्हणाले.

या उत्तराचं काय करायचं असतं हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून संस्थेचं बोलावणं गल्लीत आलं तेव्हा ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "जा ना तुम्ही. चार घरं बघून या. मग बोलू आपण."

काका गेले. त्यांच्या जोडीला दवाखान्यातली परिचारिका होती. सुट्टीच्या दिवशी पाहणी करायची आणि काकांना "काका, आज जरा लांबवा हं, या घरात सासरे पण आहेत" असं आधीच बजावायची. काका लांबवत. गुडघे, नळाचं पाणी, जावई, जुने पूल, नवे पूल. सर्वांत जास्त वेळ गुंतवण्याचा त्यांचा विक्रम एका टायरवाल्याच्या दारात झाला. हा माणूस बोलताना सारखा दाराकडे सरकत होता.

"अहो, एवढं काय विचारतायत आत?" टायरवाला म्हणाला. "मला विचारा ना. मी सांगतो सगळं."

"तुम्हीच सांगा मग," काका म्हणाले. "पाणी वाढलं तेव्हा निघायचं कुणी ठरवलं?"

"दोघांनी. आमच्यात सगळं एकमेकांना विचारूनच चालतं."

"वा!"

"मी म्हटलं थांबू, ती म्हणाली थांबू."

आतून बायकांचं हसणं ऐकू आलं. टायरवाला चपापला. "हसतायत कशाला?"

"पाहणीत एक विनोद असतो," काकांनी ठोकून दिलं. "तर तुमच्या टायरची हवा..."

मग त्यांनी हा प्रश्न घराघरांत टाकायला सुरुवात केली. काम म्हणून नव्हे, गुंतवायला बरा पडतो म्हणून. उत्तर प्रत्येक ठिकाणी तेच, आणि सूरही तोच. रंगारी, शिक्षक, वखारवाला, सगळ्यांच्या घरी सगळं विचारूनच चालत होतं. काकांना पहिल्यांदा याचं कौतुक वाटलं. नंतर वाटलं, हा सूर कुठेतरी ऐकलाय. दाढी करताना आरशासमोर त्यांनी तेच वाक्य स्वतःशी म्हणून पाहिलं, आणि ब्रश जरा जास्तच जोरात फिरवला.

आणि मग पाहणीत त्यांचंच घर निघालं.

परिचारिका आली. काका घरमालक ठरल्यामुळे त्यांना गुंतवायला एक निवृत्त कॅशियर पाठवला होता. नवखा होता.

"काका, बाहेर बसू या जरा?" तो म्हणाला. "गुडघे कसे आहेत?"

"गुडघ्यांपासून सुरुवात करू नये," काका म्हणाले. "ते शेवटी ठेवायचे. लवकर संपतात."

कॅशियर ओशाळला. दोघं पायरीवर बसले. दार लागलं. आत यंत्राचा आवाज थांबला, आणि मग बायकोचं बोलणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते, पण ते थांबत नव्हतं. घरात ती इतकं सलग कधी बोलली होती हे काकांना आठवेना. मध्येच आईचा चढा आवाज आला, "हो हो, सांग तिला! पाय भिजले माझे!" ऐकू कमी येणाऱ्या माणसाला कुणी गुंतवायचं, याचा विचार संस्थेने केलेला नव्हता.

"तुमच्याकडे निघायचं कुणी ठरवलं होतं?" कॅशियरने विचारलं. काकांनीच त्याला शिकवलेला प्रश्न.

काकांच्या तोंडात वाक्य तयार होतं. ते म्हणाले, "पूल बघितलात का नवा?"

परिचारिका गेल्यावर काका आत आले. बायको पुन्हा यंत्रावर बसली होती.

"बराच वेळ चाललं," काका म्हणाले.

"हं."

"आत काय बोलणं झालं ते विचारायचं नसतं. नियम आहे."

"मग नका विचारू."

काका पाणी प्यायले. तहान नव्हती. बायकोने शिवण थांबवली. "मीच सांगते. मी सांगितलं, की निघायचं तुम्ही ठरवलंत. आणि पुढच्या वेळी मी तुमची वाट बघणार नाही, हेही सांगितलं. लिहून घेतलंय तिने. आता ते मला करावंच लागेल."

"अगं, पण माझ्याशी बोलून..."

"दोन वर्षं बोलतेय. ती पहिलीच, जिने मध्ये तोंड घातलं नाही."

नोकरीच्या काळात साहेबांनीही काकांना इतक्या सौम्यपणे झापलं नव्हतं.

पुढे दीड महिन्याने, भर दुपारी, भोंग्याची गाडी आली. काका उठून खिडकीशी गेले. सवय जात नाही. नदी फुगली होती, पण आभाळ उघडत होतं आणि वरच्या धरणाच्या दारांचा अंदाज त्यांना पाठ होता. पाणी दुसऱ्या पायरीला टेकेल आणि मागे जाईल. हे त्यांना इतकं स्वच्छ दिसत होतं, की कागद असता तर त्यांनी रेघ मारून दाखवली असती.

ते वळले. बायकोने यंत्राला चादर गुंडाळली होती. दारात टायरवाल्याची बायको हातगाडी घेऊन उभी होती, आणि गाडीवर आई आधीच बसली होती, पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. हे सगळं कधी ठरलं, कुणाशी ठरलं, काकांना पत्ता नव्हता.

"अगं, पातळी बघितली मी, पाणी काही..."

"निवाऱ्यात जाऊन सांगा," बायको म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "राहायचं तर राहा तुम्ही. किल्ली खुंटीला आहे. आम्ही निघालो."

तिने यंत्राची एक बाजू धरली. दुसरी बाजू जमिनीवरच होती. काकांनी खिडकीकडे एकदा पाहिलं, कोरड्या पायऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि दुसरी बाजू उचलली. यंत्र त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जड निघालं.

निवारा म्हणजे शाळेचा वरचा मजला. बायकांच्या खोलीला आतून कडी बसली होती. पाहणीचा अहवाल अजून छापायचा होता, पण परिचारिकेने मुख्याध्यापिकेला तोंडीच सांगितलं आणि सुतार त्याच दिवशी आला. अहवालात आता आधीच बसलेल्या कडीची शिफारस कशी लिहायची, यावर संस्थेत दोन बैठका झाल्या होत्या.

सकाळी बातमी आली. पाणी दुसऱ्या पायरीला टेकलं आणि मागे गेलं.

लोकांनी आधी सुस्कारा टाकला, मग कुरकूर सुरू झाली. बाकांवर अवघडून झोपलेले पुरुष उठले आणि त्यांना एकदम सगळं आधीपासून माहीत असल्याचं आठवलं.

"उगाच आणलं सगळ्यांना," टायरवाला म्हणाला. "हिच्या नादाने दुकान बंद ठेवलं मी. काका, तुम्ही तर खात्यातले. खरं सांगा, पाणी येणार नाही हे तुम्हाला माहीत होतं की नाही?"

मजल्यावरच्या सगळ्या माना काकांकडे वळल्या. बायकोने आईची वेणी घालता घालता हात थांबवला, पण वर बघितलं नाही. काकांना नोकरीत, संसारात आणि गल्लीत मिळून इतकं निर्विवाद बरोबर ठरण्याची संधी कधीच आली नव्हती. आकडा तोंडाशी होता. पायरीही बरोबर होती.

"माहीत होतं," काका म्हणाले.

टायरवाल्याने विजयाने आपल्या बायकोकडे पाहिलं.

"मागच्या वेळीही मला असंच माहीत होतं," काका म्हणाले. "अगदी अस्संच."

टायरवाला चपला शोधू लागला. काकांच्या बायकोचे हात वेणीवर पुन्हा चालू झाले. काका तिच्याजवळ जाऊन यंत्राला टेकून बसले. खाली रस्त्यावर लोक सामान उचलून घराकडे निघाले होते. ऊन पडलं होतं.

"निघायचं का?" त्यांनी विचारलं.

बायकोने खिडकीतून नदीकडे बघितलं. बराच वेळ, नीट.

"जेवून निघू," ती म्हणाली.

काका जेवायच्या रांगेत जाऊन उभे राहिले.