बोर्डावरची जमनी

दारव्ह्याच्या बसस्टँडजवळ टॅबलेट विकणारी दोन दुकानं समोरासमोर आहेत, आणि त्यामुळे दोघांच्याही मालकांना धड झोप नाही. एक राजदीपचं, दुसरं कपिलचं. राजदीपकडे डब्यावर वाघ छापलेला टॅब मिळतो, कपिलकडे गरुड छापलेला. डब्याच्या आत काय भरलंय ते वाघालाही ठाऊक नसावं आणि गरुडालाही. राजदीपनं सकाळी भाव पाडला की संध्याकाळपर्यंत कपिल पाडतो. एकानं कव्हर फुकट दिलं की दुसरा इअरफोन देतो, की लगेच पहिला स्टँड देतो. जरा बरा टॅब विकावा, एवढं मात्र दोघांपैकी एकालाही सुचत नाही.

या भानगडीत बोरी अरबजवळच्या तांड्यावरच्या जमनीला पडायचं काही कारण नव्हतं. तिची मुलगी उज्ज्वला दारव्ह्याला बारावीत होती. नर्सिंगच्या परीक्षेच्या तयारीचे व्हिडिओ बघायला तिला टॅब हवा होता, एवढंच.

आता, जमनीच्या सासरी एक रीत आहे. नवरा किसनसिंग याचे वाडवडील बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे. नवा बैल घ्यायचा असला की घरची बाई पूर्ण पेहराव करून बाजाराला जायची, बैलाला कुंकू लावायची आणि कासरा स्वतःच्या हातात धरून त्याला घरी आणायची. फिरणं थांबून पिढ्या झाल्या, कपाशी-तुरीची शेती आली, पण या घरानं रीत सोडली नाही. शिलाई मशीन आली तेव्हा जमनी अशीच गेली, मोटारसायकल आली तेव्हाही. टॅब घ्यायच्या दिवशी तिनं पेटीतून लाल फेटिया म्हणजे घेरदार घागरा काढला, आरशांची काचळी म्हणजे चोळी घातली, केसांत चांदीची घुगरी-टोपली अडकवली आणि कुंकवाची डबी बरोबर घेतली.

"याडी, साडी नेस ना," उज्ज्वला म्हणाली. तांड्यावर आईला याडीच म्हणतात. "टॅब होय तो, बैल नाई."

"घरात नवी वस्तू येऊन राह्यली, अन् मी काय वावरात चालल्यावानी जाऊ?" जमनी म्हणाली.

दुकानात तिला पाहून राजदीपचे डोळेच चमकले. "मावशी, टॅब हातात धरून एक फोटो होऊन जाऊ द्या. आठवण राह्यते." जमनीला वाटलं, पोरगा भला दिसतो, वस्तूचा मान ठेवतो. तिनं टॅबला कुंकू लावलं, तो छातीशी धरला आणि मनापासून हसली. त्या हसण्याचा तिला पुढे इतका संताप आला, की आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटे.

टॅब तर पहिल्याच आठवड्यात रंग दाखवू लागला. चालू केला की पडद्यावर वाघ यायचा, जबडा उघडायचा आणि तसाच बसून राहायचा. व्हिडिओ कधी लागलाच तर शिकवणारे सर खडू उचललेल्या हातानं गोठायचे. उज्ज्वला तरी चिकाटीनं बसायची. मग एक दिवस तिनं कॉलेजला जायचंच सोडलं. आज डोकं दुखतं, उद्या पोट.

जमनी सोमवारी बाजाराला गेली आणि बसमधून उतरताच जागच्या जागी थिजली. राजदीपच्या दुकानावर हे मोठं फ्लेक्स लागलं होतं. त्यावर ती स्वतः, घुगरी-टोपलीसकट, वाघाचा टॅब छातीशी धरून हसत होती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "लमाणबाईलेही जमते, मंग तुमाले काहून नाई जमत?"

चौथीपर्यंत शिकलेल्या जमनीनं अक्षर न् अक्षर वाचलं. नाव नाही, गाव नाही. नुसती लमाणबाई. म्हणजे जगात अकलेचा जो सगळ्यांत खालचा माणूस, तो ही. तिच्या कानशिलातून वाफा निघाल्या. बाजार तसाच सोडून ती घरी आली आणि उज्ज्वलासमोर उभी राहिली.

"यापायीच नाई जात ना कॉलेजात?"

उज्ज्वला रडत रडत बोलली. "पोरी बोर्ड वाचून हासत होत्या. प्रेरणानं मले इचारलं, हे तुमच्या तांड्यातली होय का. मी म्हटलं, मी नाई ओळखत."

राजदीपचं फ्लेक्स जमनीनं एक वेळ गिळलंही असतं. पण तिच्या पोटच्या पोरीला, भर वर्गात, आई ओळखीची नाही असं म्हणावं लागलं होतं. मुलीवर ती रागावली नाही. रागवायला समोर दुसरा माणूस होता, चांगला चौकात दुकान मांडून बसलेला.

किसनसिंग म्हणाला, "तांड्याच्या नायकाले सांगतो. सारा तांडाच घेऊन जाऊ."

"तांडा गेला तं भांडण होईन, अन् नाव आपलंच खराब होईन," जमनी म्हणाली. "फोटो माहा हाय. मीच पाह्यतो."

ती साडी नेसून गेली आणि बोर्ड उतरव म्हणून नीट सांगितलं. राजदीप हसला. "मावशी, तुमी तं फेमस झाल्या. हे कौतुक होय तुमचं. कायले राग धरता?"

रस्त्यापलीकडून कपिल हे सगळं ऐकत होता. तो धावत आला आणि जमनीला बाजूला घेऊन अगदी गोड बोलला. "मावशी, लय वंगाळ केलं त्यानं. तुमी असं करा, माह्याकडून गरुड घेऊन जा, फुकटात. फक्त त्या वाघावर पाय ठेवून एक फोटो द्या. खाली मी लिवतो, लमाणबाईनं फेकला वाघ, घरी आणला गरुड."

जमनी तिथूनच माघारी वळली. म्हणजे याच्याही बोर्डावर ती लमाणबाईच राहणार होती, फक्त दुकान बदलणार होतं. बाईचा अपमान झाला तर त्यातूनही यांना गिऱ्हाईकच दिसतं. तिला त्या क्षणी राजदीपपेक्षा कपिलचा जास्त राग आला, कारण तो कळवळ्यानं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा फेटिया काढला, काचळी घातली, घुगरी-टोपली अडकवली. उज्ज्वलालाही तिनं कॉलेजला चल म्हणून उठवलं. बसमध्ये पोरगी पुढच्या बाकावर एकटी बसली आणि दारव्हा आल्याबरोबर मागे न बघता निघून गेली. जमनीनं तिला हाक मारली नाही. ती सरळ राजदीपच्या दुकानात शिरली, काउंटरपुढच्या स्टुलावर बसली आणि आपला टॅब मांडीवर घेतला.

"काय झालं, मावशी?"

"कुठं काय? लमाणबाईले जमते असं तूच लिवलं ना? लोकायले खरं वाटावं म्हणून जमवून दाखवून राह्यली."

बोर्डावरची बाई खाली उतरून दुकानात बसली आहे म्हटल्यावर माणसं थांबणारच. जो येईल त्याला जमनी प्रेमानं शेजारी बसवी आणि टॅब चालू करी. वाघ येई, जबडा उघडी आणि बसून राही. "बसा भाऊ," ती म्हणे, "चाह्य पिऊन या वाटलं तं. तोवर हा तोंड मिटत नाई." लोक हसत, हातातला डबा काउंटरवर ठेवत आणि निघून जात.

"मावशी, धंद्याची वेळ हाय. घरी जा ना आता," राजदीप काकुळतीला आला.

"घरी काहून जाऊ? तुह्या धंद्याची जाहिरातच मी होय."

पलीकडे कपिल खुर्ची बाहेर टाकून मजा बघत होता. त्यानं हौसेनं चहाही पाठवला. जमनीनं चहा परत पाठवला आणि बसल्या जागेवरूनच म्हणाली, "उद्या तुह्याकडं बसतो, कपिलभाऊ. गरुड किती उडते तेही पाहू." कपिलनं खुर्ची उचलून आत नेली.

दुपारी कॉलेज सुटलं. सदाशिवराव नावाचे एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन टॅब बघायला आले. मुलगी जमनीकडे टक लावून पाहू लागली. वडिलांनी तिला "प्रेरणा, हा घेऊ का?" असं विचारलं, तेव्हा जमनीनं नाव ओळखलं. ही ती. आणि रस्त्यापलीकडे, स्टँडच्या खांबाआड, दप्तर छातीशी धरून उज्ज्वला उभी होती.

"काकू," प्रेरणानं विचारलं, "तुमी कोन्या तांड्याच्या?"

दिवसभर तोंडाला तोंड देणारी जमनी इथे अडखळली. खरं सांगावं तर पोरगी खोटी पडत होती. तिनं रस्त्याकडे पाठ फिरवली. "हाय लांब," ती म्हणाली. "तुले नाई माईत व्हाचा."

मागून कोणाच्या तरी चपला वाजल्या. उज्ज्वला आत आली आणि आईच्या स्टुलाशेजारी उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"माही याडी होय हे," ती प्रेरणाला म्हणाली. "मी त्या दिवशी खोटं बोलली." मग ती राजदीपकडे वळली. "हिचं नाव जमनी हाय. जमनी किसनसिंग राठोड. तुमी टॅब विकाले हिचा फोटो घेतला, अन् नावसुदीक नाई इचारलं."

सदाशिवरावांनी हातातला डबा हळूच काउंटरवर ठेवला आणि मुलीला घेऊन बाहेर पडले. दारातून प्रेरणा वळली आणि म्हणाली, "उद्याबी येजो वं कॉलेजात." राजदीप मागे गेला आणि शिडी घेऊन आला.

फ्लेक्स खाली येईपर्यंत दोघी मायलेकी रस्त्यात उभ्या राहिल्या. गुंडाळी जमनीनं मागून घेतली. राजदीपजवळ आपलं हसणं ठेवायची तिची तयारी नव्हती.

परतीच्या बसमध्ये उज्ज्वला आईला खेटून बसली आणि जमनीनं तिला दिवसभराचं सगळं सांगितलं, कपिलला दिलेला शब्दही. खड्डा आला की घुगरी-टोपली वाजे आणि लोक वळून बघत. उज्ज्वलानंही त्यांच्याकडे पाहिलं. मांडीवरच्या टॅबमध्ये वाघ अजून जबडा उघडून होता.

"याडी, उद्या गरुडाकडं जाचं ना?"

"जाऊ," जमनी म्हणाली. "तू कॉलेज करून ये. मी सकाळपासूनच बसतो."