गप्प म्हणजे हो नव्हे

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. असेना! पण तो शब्दांत उतरवायची वेळ आली की माझा गळा असा बंद होतो की विचारू नका. लोकांना वाटतं, हिनं मिठाची गुळणी धरलीय. आणि दादा म्हणतो, "गप्प आहे ना? म्हणजे हो."

दादाच्या या एका वाक्यावर माझं अर्धं आयुष्य गेलं. शाळा बदलली, केस कापले, कुणाच्या तरी ऑफिसात फोन उचलायला बसवलं, सगळं म्हणे माझ्याच होकारानं. तो होकार कुणी ऐकलाय? मी तरी नाही ऐकला. ऑटिझम हा शब्द छत्तिसाव्या वर्षी डॉक्टरांकडून कळला, तेव्हा दादा म्हणाला, "नाव सापडलं ना, मग आता औषध द्या." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

यावेळी प्रश्न माझ्या खोलीचा होता. भाड्याची खोली, तिसऱ्या मजल्यावर, एक पलंग, एक खिडकी आणि दाराला आतून कडी. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत मी घड्या घालते, त्या पगारात घेतलेली. एक दिवस मोठ्या ड्रायरचा पट्टा तुटला आणि यंत्र असं किंचाळलं की मी कान दाबून टेबलाखाली शिरले. जरा वेळ बसू दिलं असतं तर माझी मीच बाहेर आले असते. पण नव्या मुकादमानं दंडाला धरून ओढलं आणि ओरडला, "काय झालं? बोल ना! बोल!" मी त्याला ढकललं. तो मळक्या चादरींच्या ढिगावर पडला. लागलं काही नाही, पण बोंब केवढी! मालकीणबाईंनी मला कामावर ठेवलं. दादानं मात्र निकाल लावून टाकला: "पुरे हे एकटं राहणं. घरी चल." मी गप्प. झालं, हो धरलं. माझ्या खोलीची किल्ली त्याच्या खिशात गेली.

वर मला समुपदेशनाला नेलं. समुपदेशन म्हणजे समजूत घालणं, असा त्याचा समज. "हिला जरा चार गोष्टी सांगा, मॅडम," म्हणून तो बाहेर जाऊन बसला.

मॅडमनी चार काय, एकही गोष्ट सांगितली नाही. "कुठं बसायला बरं वाटेल?" एवढं विचारलं आणि थांबल्या. मी उत्तर देईना. त्या थांबल्याच. शेवटी मी खुर्ची उचलून खिडकीकडे तोंड करून ठेवली, ट्यूबलाइट बंद केली. त्यांनी आपली खुर्चीही वळवली, म्हणजे मला त्यांच्या डोळ्यांत बघावं लागू नये. दादानं बाहेर विचारलं, "काय केलं एवढा वेळ?" त्या म्हणाल्या, "त्यांनी खोली आपल्या सोयीनं लावून घेतली." दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला कुणी अहो-जाहो केलेलं त्यानं प्रथमच ऐकलं असणार. तेव्हापासून मी मनात त्यांना थांबबाई म्हणते.

पुढं जात राहिले. हातात रुमाल घेऊन घड्या घालत मी शाळेतली गोष्ट सांगितली, तीही तुकड्यातुकड्यांनी. वर्गातली काच फुटली होती. बाईंनी विचारलं, "तूच ना?" माझा गळा बंद. मग खेळाच्या सामानाच्या खोलीत कोंडलं. "बोलशील तेव्हाच दार उघडेन." आत अंधार, आणि बाहेर बाई दर थोड्या वेळानं ओरडायच्या, "बोल!" काच मी फोडली नव्हती हो.

थांबबाई म्हणाल्या, "तेव्हा तुमच्या गळ्यानं तुम्हाला सांभाळलं. आपण त्याच्याशी भांडायचं नाही. आणि इथं गप्प म्हणजे हो नव्हे. गप्प म्हणजे गप्प." मी घरी जाईपर्यंत रडले. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं, मला काय हवंय. "किल्ली," मी म्हटलं. "मी मागू?" त्या म्हणाल्या. "नाही. मीच घेणार."

वाक्य पाठ केलं: दादा, मी माझ्या खोलीतच राहणार. चादरीच्या प्रत्येक घडीला मी ते म्हणायचे. मुकादमाला वाटलं, जप चाललाय.

ठरल्या दिवशी दादा आणि आई माझ्यासोबत थांबबाईंकडे आले. माझी परवानगी घेऊन थांबबाईंनी आधीच त्यांना शाळेचं सांगितलं होतं. दादानं किल्ली टेबलावर आपटली. "आज घरमालकाला देऊन टाकतो. काय गं, ठरलंय ना आपलं?"

आणि माझा गळा बंद! तळपायाची आग मस्तकात गेली, पाठ केलेलं वाक्य ओठाशी येऊन अडलं.

"अगं, बोल ना!"

"तो शब्द नको," थांबबाई म्हणाल्या. "आपण थांबू."

"किती?"

"लागेल तेवढं."

"मॅडम, मौन म्हणजे संमती. जुनी माणसं काय वेडी होती?"

आई नेहमीप्रमाणे सुरू झाली, "तिला म्हणायचंय की..." आणि मध्येच थांबली. माझ्या हातातल्या रुमालाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ती काच फुटली तेव्हा बाईंनी मला शाळेत बोलावलं होतं. मी म्हटलं, गप्प आहे म्हणजे हिनंच फोडली असणार." आणि तिनं तोंडाला पदर लावला.

मी उठले. किल्ली उचलली, खिशात घातली आणि वर हात घट्ट दाबून धरला.

"अगं, पण तू काही बोललीच नाहीस!" दादा म्हणाला.

"घेतली ना तिनं," आई म्हणाली. "आता आणखी काय बोलायचं राहिलंय?"

दादा गप्प बसला. त्या गप्प बसण्याला मीही हो धरलं नाही. बघू त्याचं.

माझी पिशवी घेऊन आई सोबत आली. गुडघे दुखत असताना तीन मजले चढली. मी दार उघडून आत गेले, पलंगावर बसले. आई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"आत येऊ?"

गळा अजून मोकळा झाला नव्हता. एरवी ती केव्हाच आत येऊन भांडी आवरायला लागली असती. शेजारीण जिन्यावरून जाताना म्हणाली, "अहो, पोरीच्या दारात कसल्या उभ्या राहताय? जा की आत!"

"तिनं अजून सांगितलं नाहीये," आई म्हणाली.

मी पलंगावरची चादर ओढली, घडी घातली, मोडली, परत घातली. आई एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती, पण बोल म्हणाली नाही. मला इतकं भरून आलं की काय सांगू.

"ये, आई," मी म्हटलं.

मग ती आत आली.