लाल ठिपक्याचा सा

"ताई, तुमचे बुडबुडे फार मोठे येतायत. हलकं फुंका. घशाला कळतासुद्धा कामा नये."

हे मला सांगणारी मुलगी माझ्या सुनेच्या वयाची होती. आणि मी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, एकतीस वर्षं गाणं शिकवून झाल्यावर, एका शाळेच्या रिकाम्या वर्गात लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसले होते आणि पाण्याच्या ग्लासात नळी बुडवून सूर लावत होते. माझ्यासारखे आणखी एकवीस जण होते. सगळे घरगुती गायनशिक्षक. कुणाचा क्लास गॅलरीत, कुणाचा गॅरेजमध्ये, माझा पुढच्या खोलीत. वर्गभर नुसती गुडगुड चालली होती.

शेजारचे मिशाळ मास्तर नळी बाजूला काढून म्हणाले, "एवढी वर्षं पाण्यात गेली म्हणायची, बाई!"

मी हसले. तोपर्यंत मला हसू येत होतं.

या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला मी काही हौसेने गेले नव्हते. हल्ली मुलांना घेऊन येणारे आईबाप दारातच विचारतात, "तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे का?" अरे, तुझी आई माझ्याकडे गाणं शिकून गेली, तिला विचार ना! पण सून म्हणाली, "आई, विचारणारच लोक. जाऊन या. तीन दिवसांत काय झिजणार आहात?" आणि मला न विचारता नाव नोंदवून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी घशाचे डॉक्टर आले. शांत माणूस, हळू बोलणारा. त्यांनी पडद्यावर एक चित्रफीत दाखवली. गाणाऱ्या माणसाच्या घशात कॅमेरा घालून काढलेली. स्वरतंतूंच्या दोन पांढऱ्या, नाजूक पट्ट्या एकमेकींना शिवत होत्या, दूर होत होत्या. जन्मभर ज्याच्यावर पोट भरलं ते मी पहिल्यांदा बघत होते. मग त्यांनी दुसरी फीत लावली. त्या पट्ट्यांवर मधोमध, समोरासमोर, दोन बारीक गाठी होत्या.

"ही अकरा वर्षांची मुलगी," डॉक्टर म्हणाले. "न झेपणाऱ्या पट्टीत रोज गायली. आवाज बसला तरी गातच राहिली. दोन आठवड्यांच्या वर मूल घोगरं बोलत असेल तर गाणं बंद करायचं आणि आमच्याकडे पाठवायचं. वेळेत थांबलं तर बहुतेक मुलं बरी होतात."

मिशाळ मास्तरांनी हात वर केला. "पण डॉक्टर, आम्ही तर ऐकत आलो की घसा बसल्याशिवाय आवाज पिकत नाही."

"पिकत नाही हो. सोलवटतो."

वर्गात दोघे-तिघे हसले. मला मात्र हसू आलं नाही. कारण 'घसा बसला म्हणजे आवाज पिकतोय' हे वाक्य माझ्या तोंडचं होतं. माझ्या गुरूंकडून, मोठ्या बाईंकडून, मी ते घेतलं होतं, आणि एका मुलीच्या आईला तोंडावर ऐकवलं होतं.

त्या मुलीला मी घागर म्हणायची.

बावीस वर्षं झाली. बारा वर्षांची होती ती. पहिल्या दिवशी आली, भिंतीला टेकून बसली आणि मी 'गा काहीतरी' म्हटल्यावर शाळेतलं एक गाणं तिने आपल्या मनाने, आपल्या पट्टीत म्हटलं. खाली, भरलेलं, गोल. तिच्या साबरोबर कोपऱ्यातली पितळी फुलदाणी घुमली. मी म्हटलं, "वा गं घागर! आवाज आहे हो पोरीला. पण चढव तो. आमच्याकडे सगळे लाल ठिपक्यावर गातात."

लाल ठिपका म्हणजे काय ते सांगायला हवं. माझी पेटी मोठ्या बाईंची. त्यांनी त्यांच्या स्वतःच्या 'सा'वर, त्या पट्टीवर, नखाला लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका दिला होता. तो त्यांचा सा. पुढे तोच माझा सा झाला, कारण मी त्यांच्याकडे शिकले. आणि मग माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाचा. एका वेळी बारा पोरं समोर बसायची. प्रत्येकाचा सा कुठे शोधत बसणार? ज्यांना जमलं ती गायली. ज्यांना जमलं नाही त्यांना मी म्हणायची, "ताण जरा, ताण. रबर आहे तो, तुटत नाही."

शहरातल्या शाळांची स्पर्धा जवळ आली होती. तीन वर्षं ढाल दुसऱ्याच क्लासला जात होती आणि ते माझ्या जिव्हारी लागलं होतं. मी घागरीला उभं करायचं ठरवलं. रोज दीड तास, लाल ठिपक्यावर. तिसऱ्या आठवड्यात तिची आई आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"बाई, पोरगी सकाळी बोलतच नाही हो. नुसती फुसफुसते. काही दिवस गाणं राहू दे का?"

"आवाज पिकतोय तिचा," मी म्हटलं. "आता थांबवलं तर कच्चाच राहील. तुम्ही काळजी करू नका, मी आहे ना."

मी आहे ना! काय पण धीर दिला.

स्पर्धेत दुसऱ्या ओळीला तिचा आवाज चिरला. तिसऱ्या ओळीला तोंड उघडं होतं आणि नुसती हवा येत होती. ती तशीच उभी राहिली, मग खाली मान घालून उतरली. सभागृहात एक टाळी वाजली नाही. मी तिच्या जवळ गेले नाही. मी दाराशी उभी राहून घाम पुसत होते, आणि मला काळजी माझ्या अब्रूची होती, तिची नव्हे.

पुढच्या क्लासला ती आली. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "काय करणार बाई, आमची घागर फुटकी निघाली." पोरं खो खो हसली. ती आणखी दोनदा आली आणि मग यायची बंद झाली. कुणी विचारलं की मी सांगायची, "चिकाटी नव्हती हो तिच्यात."

डॉक्टरांची फीत पाहिली त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सून म्हणाली, "दमलात." मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी शेवटी त्या मुलीने, म्हणजे आमच्या प्रशिक्षिकेने, कागद वाटले. नाव घालायचं नाही. शिकवताना झालेली एक चूक लिहायची, आणि खाली, त्याबद्दल तुम्ही काय केलंत ते. मिशाळ मास्तरांचं दोन मिनिटांत झालं. मी मात्र घागरीचं सगळं लिहिलं. ठिपका, आई, स्पर्धा, फुटकी. काहीही लपवलं नाही. लिहिता लिहिता हलकं वाटायला लागलं. मग खालचा प्रश्न आला. काय केलंत? बावीस वर्षांत मी काय केलं होतं? ती बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते हे मला आठ वर्षं माहीत होतं, आणि आठ वर्षं मी तो रस्ता टाळून पोस्टाच्या मागून वळसा घालून जात होते. माझ्या चष्म्याची काडी तुटली तेव्हा ती मी दोऱ्याने बांधली, पण त्या दुकानाची पायरी चढले नाही.

मी लिहिलं, 'त्या मुलीला भेटून माफी मागितली.'

का लिहिलं? देव जाणे. एवढं खरं लिहिल्यावर शेवट बरा असावा असं वाटलं असेल. कागदावर तरी.

प्रशिक्षिकेने चार कागद मोठ्याने वाचले. त्यातला शेवटचा माझा. वाचून झाल्यावर तिने त्याची जपून घडी घातली. म्हणाली, "या शिक्षिका कोण ते मला माहीत नाही. पण चूक कळल्यावर जाऊन माफी मागणं, हे मला तुम्हा सगळ्यांना शिकवता आलं नसतं." वर्गाने टाळ्या वाजवल्या. मिशाळ मास्तर तर उभे राहिले.

आणि मीही टाळ्या वाजवल्या. एकटी गप्प बसले असते तर कळलं असतं ना, कागद कुणाचा ते.

सुनेने सर्टिफिकेट चौकटीत घालून पेटीच्या बरोबर वर लावलं. तिला केवढा आनंद! सोमवारी क्लासला मुलं बसली, मी पेटीचा भाता ओढला, बोट लाल ठिपक्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. मुलांना म्हटलं, "आज नको. आज माझा घसा ठीक नाही." खोटं बोलायची सवयच लागली होती.

मंगळवारी दुपारी मी पोस्टाच्या मागून वळले नाही. सरळ गेले.

काउंटरवरच्या माणसाने माझ्या चष्म्याचा दोरा बघितला आणि न विचारताच आतल्या खोलीकडे बोट केलं. ती आत होती. पांढरा कोट, केसांत एखादी रुपेरी रेघ. तिने मान वर केली.

"बाई?"

आवाज घोगरा होता. कडेला फाटलेला.

"ओळखलंस?"

"न ओळखायला काय झालं? बसा. हनुवटी इथे टेकवा." ती कामाला लागली. दिवा मालवला. समोर अक्षरांचा तक्ता उजळला. "वाचा."

मी वाचायला लागले. चौथ्या ओळीला सगळं धूसर झालं, पण मी हार मानते होय? अंदाजाने ठोकून दिलं.

"बाई, ताणून बघू नका," ती म्हणाली. "नाही दिसलं तर नाही म्हणायचं. इथे कुणी नापास होत नाही."

असं कुणी तिला बाराव्या वर्षी म्हणायला हवं होतं. ते माझं काम होतं. त्या अंधारात, हनुवटी यंत्रावर टेकवलेली, मान वळवता येत नाही अशा अवस्थेत मी सगळं ओकले. डॉक्टरांची फीत, गाठी, माझा लाल ठिपका, तिची आई दारात उभी राहिली होती ते. "चूक तुझी नव्हती गं," मी म्हटलं. "चिकाटी तुझ्यात होती, म्हणून तर घसा गेला. मी केलं ते. मला माफ कर." आणि मग कागदावर लिहिलेलं खोटंही सांगितलं. टाळ्याही सांगितल्या.

काच बदलल्याचा टक्क असा आवाज आला.

"टाळ्या वाजल्या?"

"हो."

"चला. स्टेजवर तेवढ्याच राहिल्या होत्या."

मी डोळे मिटले. तिने दिवा लावला आणि माझ्या समोर स्टुलावर बसली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बाई, आवाजाचं मी धरून नाही बसले. गेला तो गेला. तुम्हाला तरी कुठे माहीत होतं? पण तुम्ही फुटकी म्हणालात ना, आणि सगळे हसले, तेव्हा मीपण हसले. सगळ्यांत मोठ्याने. न हसले असते तर कळलं असतं ना सगळ्यांना, मला लागलं ते." ती माझा चष्मा हातात घेऊन दोरा सोडवत होती. "त्यानंतर मी गुणगुणलेसुद्धा नाही. मुलगी लहान होती तेव्हा तिला थोपटून झोपवायची, गाऊन नाही. सासूबाई म्हणायच्या, कसली गं आई तू."

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "तुझी पट्टी खरी कुठली होती गं?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंच नाही."

मग तिने बारीक स्क्रू लावून काडी बसवली, चष्मा पुसला आणि स्वतः माझ्या कानांवर चढवला. "नंबर वाढलाय. नवीन काचा शुक्रवारी मिळतील," म्हणाली. मी "येऊ ना मी?" असं विचारलं. ती म्हणाली, "या की. चष्मा न्यायला यावंच लागेल." याहून जास्त तिने काही दिलं नाही, आणि मागायला मला तोंड नव्हतं.

घरी आले. सर्टिफिकेट काढून कपाटात ठेवलं. सुनेकडून नखांचा रंग पुसायचं औषध मागून घेतलं तेव्हा ती बघतच राहिली. "आई, आता या वयात?" म्हणाली. मी म्हटलं, "हो, आताच." कापसाचे तीन बोळे लागले. ठिपका निघाला. त्याच्याखालची पट्टी बाकीच्यांपेक्षा पांढरी राहिली होती.

मग मी भाता ओढला आणि तिथून एकेक पट्टी खाली उतरत गेले. पहिला दिवस आठवत. भिंतीला टेकलेली मुलगी, शाळेतलं गाणं. ही नाही. हीही नाही. पाचव्या पट्टीला कोपऱ्यातली पितळी फुलदाणी घुमली.

पाचच पट्ट्या खाली होती पोरगी. मी बोट काढलं नाही. पेटीतली हवा संपेपर्यंत तो सूर तसाच धरून ठेवला.