लाल शाईच्या तीन ओळी

आधीच सांगून ठेवते, मी काही जन्मापासून शूर वगैरे नव्हते. मी फक्त खवचट होते.

शहात्तर सालचा पंधरा ऑगस्ट. आणीबाणी चालू. मी दहावीत, मुलींच्या होस्टेलात राहायची. शाळेत भाषण माझंच ठरलेलं, विषय ‘स्वातंत्र्य’. मला बोलायला शिकवलं ते इंद्रभान सरांनी, आणि तेच सर मोताळ्याच्या बाजारात सरकारविरुद्ध बोलले म्हणून आठ महिने तुरुंगात! भाषणात मी त्यांच्याविषयी तीन ओळी लिहिल्या. त्या काळी भाषण आधी तहसील कचेरीत दाखवावं लागायचं. माझं परत आलं तर तिन्ही ओळींवर लाल शाई फिरवलेली, शेजारी तहसीलदार साहेबांची सही.

मुख्याध्यापक महादेवराव म्हणाले, “तानू, कागदावर आहे तेच वाचायचं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. नाहीतर होस्टेल सोडायचं.”

होस्टेल सुटलं की दहावी सुटली. आमच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती, आणि बाबा माझं लग्न उरकायला टपलेलेच होते. मी भ्यायले. चांगलीच भ्यायले. पण सरांचं नाव गिळून स्वातंत्र्यावर बोलायचं? छे! मग म्हटलं, बरं बाई, कागदावर आहे ते सगळंच वाचू.

मैदान गच्च भरलेलं, पहिल्या खुर्चीवर साहेब. मी खणखणीत सुरुवात केली. “स्वातंत्र्य आपल्याला सहज मिळालेलं नाही. इथे एक ओळ लाल शाईने खोडली आहे. साहेबांची सही.”

साहेबांनी झटकन मान वर केली. दुसऱ्या वेळी पोरं फिदीफिदी हसली. महादेवरावांची गंमतच झाली, अडवणार तरी कशावरून? मी तर त्यांचंच ऐकत होते. तिसऱ्या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

तेवढ्यात बायकांमधून सरांची बायको, कौशल्याबाई, उभ्या राहिल्या. “काय खोडलं वं पोरी? आमच्या घरचं काही हाये का त्यात?”

आता हे काही कागदावर नव्हतं. महादेवराव मानेनं नाही नाही म्हणत होते. पण काकूंना खोटं सांगणं माझ्याच्यानं झालं नाही. मी कागद खाली ठेवला.

“हाव काकू, सरायचंच हाये. सर आठ महिने जेलात हायेत, अन् बाजारात बोलण्यात काय गुन्हा हाये थे आमाले कोणी सांगत नाही. हेच लिहिलं होतं मी.”



“आठ महिने झाले,” कौशल्याबाई म्हणाल्या, “त्यायचं नाव कोणी असं मोठ्यानं घेतलं नाही माय.” आणि तोंडाला पदर न लावता, सगळ्यांसमोर रडल्या.

दुपारी माझी ट्रंक होस्टेलच्या ओट्यावर येऊन पडली. ती उचलायला मी वाकले, तर दुसरी कडी कौशल्याबाईंनी आधीच धरलेली.

“चाल,” त्या म्हणाल्या, “दहावी माह्या घरून कर. तिथी बोलायले कोणाची सही लागत नाही.”