लाऊडस्पीकरवरून आलेलं बोलावणं

नांदळे गावातून परदेशी मिशनवर गेलेली एकुलती एक व्यक्ती म्हणजे सिस्टर लुसी, आणि त्या मिशनचा गावातला जाच म्हणजे तिची आई, नातालबाई रोझारियो. लुसी मोझांबिकच्या किनाऱ्यावरच्या एका खेड्यात दवाखाना आणि बालवाडी चालवते. नातालबाई इथे बसून गाव चालवायच्या.

मिशनच्या मदतीसाठी चर्चच्या दाराशी पत्र्याची पेटी होती, पण नातालबाईंचा पेटीवर भरवसा नव्हता. पेटीला बोलता येत नाही. म्हणून दर रविवारी मिसा संपली की पेटीच्या शेजारी त्या स्वतः उभ्या राहत. कोणी नवी मोटरसायकल घेतली असेल, कोणाचा मुलगा दुबईहून आला असेल, कोणाचा आंबा यंदा जास्त धरला असेल, तर त्यांना ते आधीच ठाऊक असे. "देवानं दिलं ना तुला? मग दार का अडवतोस, टाक पेटीत," एवढंच त्या म्हणत. माणसं मागच्या दाराने जायला लागली तेव्हा त्यांनी फादरना सांगून मागच्या दाराला कुलूप लावून घेतलं.

वस्तूंची मदतही त्याच गोळा करत. एका वर्षी गावाने मोठ्या प्रेमाने लोकरीचे स्वेटर पाठवले. लुसीने सगळ्यांचे आभार मानले आणि तिथलं तापमान कळवलं. पुढच्या वर्षी गावाने जाड कानटोप्या पाठवल्या.

लुसी आपली ख्यालीखुशाली बोलून रेकॉर्ड करून फादर हॅरल्डच्या फोनवर धाडायची. ती रविवारी मिसेनंतर माइकसमोर फोन धरून सगळ्यांना ऐकवायची, हा नातालबाईंचा दंडक. आधी कोणी ऐकायची नाही, फादरनीसुद्धा नाही. आधी ऐकली तर ती शिळी होते असं त्यांचं म्हणणं. लुसीला मात्र वाटायचं, ती एकटे फादरच ऐकतात. चर्चवर दोन कर्णे आहेत. एक आवाराकडे तोंड करून आणि दुसरा थेट कोळीवाड्याकडे. तो सणाच्या वेळी बसवताना चुकून तसा बसला, आणि कोळीवाड्याने कधी तक्रार केली नाही म्हणून तसाच राहिला. त्यामुळे मोझांबिकात कोणाला मलेरिया झाला हे कोळीवाड्यातही पाठ असायचं.

ईस्टर होऊन गेल्यावरच्या एका रविवारी फादर हॅरल्डनी असाच फोन माइकसमोर धरला. नातालबाई पहिल्या बाकावर, ठेवणीतली साडी नेसून, मान जरा वर करून बसलेल्या.

"फादर, जय येशू," लुसीचा आवाज दोन्ही कर्ण्यांतून निघाला. "इथं यंदा मासळी उदंड आहे. पण बायका ती वाळूत पसरतात. अर्धी कुजते, उरलेली व्यापारी हातात घेऊन परत टाकतो. औषधं मी देतेच, पण यांच्या हातात चार पैसे आले तर निम्मी औषधं लागणारच नाहीत. मला आता वस्तूंच्या बॅगा नकोत, कानटोप्या तर नकोतच. एक माणूस पाठवा. बांबू रोवून, दोऱ्या ताणून, वलांडीवर मासळी कशी सुकवायची ते शिकवणारं. तुमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा इथं कडक ऊन असतं. कोळीवाड्यातल्या नीरामावशी आल्या तर काही बघायलाच नको."

नातालबाईंची मान जरा खाली आली.

"आणि फादर, मायला एवढ्यात सांगू नका. ती म्हणेल, मीच जाते. तिला वाईट वाटायला नको, पण तिची सुकी मासळी... फादर, लहानपणी मला वाटायचं, बोंबलाला आतून वाळू असतेच."

फादरनी फोन बंद करायला बोट फिरवलं ते चुकीच्या जागी, आणि शेवटचं वाक्य पुन्हा एकदा ऐकू आलं.

चर्चमध्ये कोणी हसलं नाही, कारण नातालबाई बसलेल्या होत्या. कोळीवाड्यात मात्र तसं काही बंधन नव्हतं. तिथला हशा वाऱ्यावरून सावकाश चर्चपर्यंत आला. नातालबाई उठल्या, पेटीकडे न बघता बाहेर पडल्या. त्या दिवशी माणसं पेटीत काही न टाकता घरी गेली आणि कोणालाच ते बरं वाटलं नाही.

सोमवारी चर्चची कमिटी बसली. सेक्रेटरी इनासमास्तर शाळेतून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून त्यांना प्रत्येक गोष्टीत तत्त्वाचा प्रश्न दिसतो.

"फादर, प्रश्न बोंबलाचा नाही. मिशनवर हिंदू बाई पाठवायची? पूर्वी तिकडून इकडे येऊन लोकांना ख्रिस्ती करत. आपण इकडून तिकडे कोळीण पाठवली तर उलटंच नाही का होणार?"

"मास्तर, ती मासळी वाळवायला जाणार," फादर हॅरल्ड म्हणाले. ते वसईचे, त्यांच्या आजीची सुक्या मासळीची टोपली होती, त्यामुळे या विषयात ते हळवे होते. "माशाला धर्म नसतो."

"माशाला नसतो, कमिटीला असतो."

शेवटी कमिटीने असं ठरवलं की नीराबाईंना विचारावं, आणि त्या नाही म्हणाल्या तर कमिटीचं मोठं मन दिसेल.

नीराबाई म्हणजे भिकू तांडेलची बायको. तोंडाने फटकळ आणि आपल्या मालाचा त्यांना इतका गर्व की बाजारात गिऱ्हाईकाने भाव पाडून मागितला तर त्या टोपलीवर फडकं टाकत. "बघू नको, नजर लागल." फादर आणि इनासमास्तर आले तेव्हा त्या वलांडीखाली उभ्या होत्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून एकेक जोडी दोरीवर टाकत होत्या, आणि त्यांनी हात थांबवला नाही.

"आयकलाय आमी," त्या म्हणाल्या. "भोंगा आमच्याकडंच हाय ना. मी जाईन."

इनासमास्तरांचं मोठं मन तिथेच अडकलं. "पण बाई, ते ख्रिस्ती मिशन आहे."

"मंग? मी तिथं मासली सुकवाला शिकवनार, देव बदलाला न्हाय. माजा देव मी संगती नेईन, पिशवीत मावतोय." मग त्यांनी हातातली जोडी खाली ठेवली. "पन येक सांगा फादर. तिथल्या बायांशी मी बोलू कंच्या बोलीत?"

हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. लुसी दिवसभर दवाखान्यात. तिथल्या बायकांना आपल्या बोलीखेरीज येते ती पोर्तुगीज. नांदळ्यात पोर्तुगीज कोणालाच येत नव्हती.

म्हणजे एकीला थोडी येत होती. नातालबाईंचं माहेर कोर्लई. किल्ल्याखालच्या त्या वस्तीत पोर्तुगीज गेले तरी त्यांच्या भाषेचं पोर मागे राहिलं. नो लिंग म्हणतात तिला, आमची भाषा. नातालबाई पाढे तिच्यातच म्हणत आणि शिव्याही.

"तिलाच बोलवा," नीराबाई म्हणाल्या.

फादर आणि मास्तर एकमेकांकडे बघायला लागले. नातालबाई आणि नीराबाई यांच्यात बोलणं नव्हतं. चर्चच्या भिंतीलगतच्या वाळूवर कोणी मासळी वाळवायची यावरून ते बंद झालं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी तिसऱ्या माणसामार्फत, आणि तिसरा नसला तर कोंबड्यांमार्फत बोलत.

"तुमच्यानं न्हाय व्हायचा," नीराबाईंनी हात पुसले. "मीच जातंय."

नातालबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. नीराबाईंना येताना बघून त्यांनी आवाज चढवला आणि अंगणातल्या कोंबडीला म्हणाल्या, "आल्या बघ, बोलावणं आलेल्या बाई."

"नातालबाय, कोंबरीला कशाला सांगतंस, मना सांग की."

"तुला काय सांगायचं? माझ्या लेकीनं जगजाहीर सांगितलंय. कर्ण्यावरून."

"खोटा काय बोलली? वालू असतेच तुज्या बोंबलात."

"असते! नवरा गेल्यावर वलांडी कोण रोवणार होतं मला? पोरीला शिकवायची की बांबू पुरायचे?" नातालबाईंच्या हातातली पाकळी उडून कोंबडीपुढे पडली. "इतकी वर्षं तिच्यासाठी गावाच्या दारात उभी राहिले. लोक मला बघून रस्ता बदलतात, माहीत नाही का मला? आणि माणूस हवं झालं तर माझ्या पोटची पोर म्हणते, मायला सांगू नका. एकदा बघायचं होतं गं मला. कुठं झोपते, काय खाते, कोणाशी हसते. तेवढंच."

नीराबाई ओट्याच्या कडेला टेकल्या. न विचारता लसणाची गड्डी उचलली आणि सोलायला लागल्या.

"तिनं मना तरी कुठं बोलावलाय?" त्या म्हणाल्या. "माजं हात बोलावलं. त्या हातांना तोंड नको? मी तिथं मुकी उभी र्‍हाऊ? मना बोलल्याबिगर शिकवताच येत न्हाय. शिव्या कोन देल?"

"शिव्या मी सांगणार नाही. मी सिस्टरची आई आहे."

"नको सांगू. गोड करून सांग. पन चल."

नातालबाईंनी खाली पडलेली एक साल उचलून बघितली. मग म्हणाल्या, "लसूण किती जाड सोलतेस गं, अर्धी पाकळी सालीबरोबर गेली." नीराबाईंना एवढं पुरे होतं.

आता अडचण उरली दुसऱ्या तिकिटाची. एकाच्या तिकिटाची सोय लुसीच्या संस्थेने केली होती. चर्चच्या मिशन फंडात हात घालायचा तर इनासमास्तर तत्त्वाने आडवे पडले: फंड मिशनचा, आणि आई लेकीला भेटायला जाते हे मिशन कसं? नातालबाईंनी स्वतःच्या तिकिटासाठी पेटीजवळ उभं राहायला साफ नकार दिला. "दुसऱ्यांसाठी मागितलं तेव्हा लाज वाटली नाही. स्वतःसाठी मागायचं म्हटलं की घसा बसतो."

कोळीवाड्यात रिवाज आहे. मोसम संपताना, होड्या वर ओढायच्या आधी, शेवटच्या फेरीच्या मासळीतला एक वाटा प्रत्येक होडी गावदेवीसाठी काढते. त्या वाट्याला कोणी हात लावत नाही, त्यावर कोणी घासाघीस करत नाही. भिकू तांडेलने त्या वर्षीच्या बैठकीत विषय काढला. भिकू कमी बोलतो. घरात नीराबाई असल्यावर त्याला संधीच नसते.

"यंदा देवीचा वाटा नातालबायच्या तिकटाला देऊ," तो म्हणाला.

एक म्हातारा कुरकुरला, "देवीचा वाटा चर्चला?"

"चर्चला न्हाय. आपली बाय परमुलखात चाललीय, तिच्या सोबतीला. देवीला इचारलाय मी."

"काय म्हनली?"

"काय न्हाय म्हनली. न्हाय बी न्हाय म्हनली."

बैठकीत हे उत्तर पसंत पडलं. मग त्या शेवटच्या फेरीला समुद्राने जे केलं त्याला चमत्कार म्हणायचं की नाही यावर गावात अजून वाद आहे. मासळी इतकी आली की होड्या पाण्यात दबून आल्या. बोर्ली पंचतनपासून व्यापारी धावले आणि देवीचा वाटा आहे म्हटल्यावर एकानेही भाव पाडून मागितला नाही. ते बघून ख्रिस्तवाडीला शरम वाटली आणि माणसं आपणहून चर्चच्या पेटीकडे गेली. शेजारी कोणी उभं नसताना पेटी भरण्याची ती पहिलीच वेळ. इनासमास्तरांनी तत्त्वाचा नवा प्रश्न शोधला, पण तोवर तिकीट निघालं होतं.

निघायच्या रविवारी फादरनी वेदीसमोर दोघींना आशीर्वाद दिला. नातालबाई गुडघे टेकून होत्या. नीराबाई उभ्याच राहिल्या, हात जोडून, केसांत अबोलीची वेणी, आणि आशीर्वाद संपल्यावर त्यांनी वेदीपुढे नारळ फोडला. फादरनी थांबवलं नाही. मास्तरांनी खोबरं मात्र घेतलं.

पुढचं सगळं नीराबाईंनी येऊन सांगितलेलं. मासळीच्या बाबतीत त्या खोटं बोलत नाहीत. विमानतळावर लुसी मावशीला घ्यायला आली होती. दुसऱ्या तिकिटाचं तिला कोणी कळवलं नव्हतं, कारण नातालबाईंनी फादरकडून तसं वचन घेतलं होतं: "आता तिला सांगू नका." दारातून आधी नीराबाई आल्या, मागून सामानाची गाडी ढकलत नातालबाई. लुसीने मायला बघितलं आणि भर विमानतळावर, सिस्टरच्या झग्यात, अशी पळत सुटली की पहारेकऱ्याने बाजूला होऊन वाट दिली.

मग वलांडी उभ्या राहिल्या. नीराबाई वाळूत उभ्या राहून ओरडत, "ए भवाने, पोट साफ न करता टांगतंस?" आणि नातालबाई त्याचं नो लिंगमध्ये करत, "मावशी म्हणतात, बाळा, जरा नीट धू." तिथल्या बायकांना शब्द अर्धेच समजायचे, पण नीराबाईंचा चेहरा पुरा समजायचा, आणि त्या पोट धरून हसायच्या. संध्याकाळी ढोल काढायच्या. नीराबाईंनी एकदा त्या ढोलावर कोळीनाच करून दाखवला. दुसऱ्या दिवशी तिथल्या पोरी तो करत होत्या. व्यापाऱ्याने पहिल्यांदा मासळी हातात घेतली, वास घेतला, आणि टाकली नाही.

लुसी दवाखान्यातून सुटली की मायच्या शेजारी येऊन बसायची. कर्ण्यावरून ऐकलेल्या त्या वाक्याचा विषय नातालबाईंनी काढलाच नाही. बायका आता पाणी भरायला जाताना दवाखान्यापेक्षा आधी नातालबाईंच्या दाराशी थांबत. काय दुखतंय ते त्यांना सांगत, आणि त्या लुसीला सांगत. नको असलेली औषधं तिथेच कमी होत.

नारळी पौर्णिमेच्या आधी नीराबाईंना परतायचं होतं, होड्या सुटणार होत्या. त्यांच्या निघायच्या आदल्या संध्याकाळी वलांडीखाली लुसी म्हणाली, "माय, मावशींना जाऊ दे. तू राहशील का अजून? मला गरज आहे. तूच हवी आहेस, दुसरं कोणी नको."

नातालबाईंनी पदर सारखा केला. "बघते," त्या म्हणाल्या. "एकदम हो कसं सांगू? गावात माझी कामं पडलीत. विचार करून सकाळी सांगते."

लुसी बिचारी तोंड पाडून गेली. ती वळल्याबरोबर नातालबाईंनी नीराबाईंचा हात असा दाबला की बांगडी वाकली. रात्री नीराबाई आपली पिशवी भरायला बसल्या आणि म्हणाल्या, "नातालबाय, तुजी पन भरून ठेव, उंद्या न्हाय म्हनलीस तर?"

नातालबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या, आणि त्यांचे खांदे हसण्याने गदगद हलत होते.