कालव्यामागचं पाणी

कास्तुलोने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. आजच्या उन्हात ते पुन्हा सुरू होईल याची हमी खुद्द ते इंजिन बनवणाऱ्यानेही दिली नसती. काच दोन बोटं खाली करून त्याने बाहेर पाहिलं. पार्कातल्या स्प्लॅश पॅडभोवती, म्हणजे पोरांच्या कारंज्यांभोवती, नारिंगी जाळी ओढलेली होती. आतली निळी जमीन कोरडी ठणठणीत, पाणी उडवणारी भोकं चिकटपट्टीने बुजवलेली, आणि मधला उंच खांब रिकामी बादली डोक्यावर घेऊन शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा.

मांडीवरच्या वहीत त्याने पेन्सिलीने लिहिलं : चिंचोळा पार्क. बंद. दुरुस्ती. जाळी.

"हे तिसरं," मागच्या सीटवरून देयानिरा म्हणाली. ही त्याची नात, वय अकरा, जीभ चाळिशीतली. "पहिल्या ठिकाणी शिबिरवाली पोरं एक वाजेपर्यंत, दुसऱ्या ठिकाणी फाटक आणि फाटकावर तो जाड्या, की तुम्ही या वस्तीतले नाही. आता?"

"आता चौथं."

"चौथं सोमवारी बंद असतं. तुमच्याच वहीत आहे."

त्याने पान उलटलं. होतं. त्याच्याच अक्षरात, खाली रेघ मारून.

"मग पाचवं."

"हायवेच्या पलीकडे? या गाडीतून?"

"या गाडीने तुझ्या आईला शाळेत सोडलंय."

"तेच म्हणतेय मी."

चार वर्षांचा नेफ्ताली आपल्या सीटच्या पट्ट्यांत जखडून बसला होता. पायात रबरी चपला, डोळ्यांवर पोहायचा चष्मा. तो त्याने सकाळी घरातच चढवला होता आणि काढू देत नव्हता. "उडणारं पाणी कधी?" त्याने दहाव्यांदा विचारलं.

"आलंच," कास्तुलो म्हणाला आणि गाडी रस्त्यावर घेतली. एसी लावला की इंजिन तापायचं, नाही लावला की माणसं. दहा वाजल्यापासून तो दोघांना आळीपाळीने तापवत होता. रेडिओवालीने सकाळीच एकशे तेरा फॅरनहाइटचा आकडा सांगून टाकला होता, तोही सावलीतला. जणू इथे सावली कुठे आहे हे तिला माहीत होतं.

एकतीस वर्षं त्याने संत्र्यांच्या गोदामाच्या फाटकावर काढली होती. कुठला ट्रक आला, कुठला गेला, ड्रायव्हर झिंगलेला होता की नुसता झोपाळलेला, सगळं लिहून. संत्र्यांच्या बागा गेल्या, तिथे घरं आली. हाताची सवय तेवढी राहिली. या उन्हाळ्यात तिला काम मिळालं होतं. वहीत स्प्लॅश पॅडांची नऊ नावं होती. प्रत्येकापुढे पाणी किती वाजता सुटतं, सावली किती, संडासाला कडी आहे का, आणि माणसं कशी. माणसांचे त्याने प्रकार पाडले होते. नऊलाच तंबू ठोकून झाडाखालची जागा बळकावणाऱ्या आया. पोरं पाण्यात सोडून फोनमध्ये बुडणाऱ्या आया. आणि बँकेवर पहारा असल्यासारखे हाताची घडी घालून, बुटावर थेंब पडला तरी दचकणारे बाप.

घरी जायची सोय नव्हती. साडेनऊ ते चार हे घर मारिक्रूसच्या झोपेचं होतं. त्याची ही मुलगी रात्रभर एका मालगोदामात फोर्कलिफ्ट चालवायची, सकाळी यायची, मुलांना खायला घालायची आणि एकुलता एक एसी असलेल्या खोलीत आडवी व्हायची. भिंती अशा, की शेजारी उसळ उकळली तर इकडे झाकण वाजतं. पंधरवड्यापूर्वी मुलं बाराला परत आली, नेफ्तालीने भोकाड पसरलं, मारिक्रूसला जेमतेम दोन तास झोप मिळाली. त्या रात्री तिची फोर्कलिफ्ट मांडणीवर आदळली. कुणाला लागलं नाही. तिच्याकडून ताकिदीच्या एका कागदावर सही घेतली. दुसऱ्या कागदानंतर तिसरा येत नाही, हे फाटकावर एकतीस वर्षं बसलेल्या माणसाला कुणी सांगायला नको.

सोमवारी वाचनालय बंद. किराणा दुकानात हवा थंड असते, पण गेल्या आठवड्यात नेफ्ताली दह्याच्या कपाटासमोर फरशीवर पालथा पडला आणि उठेना, तेव्हापासून तिथला पहारेकरी त्यांना नावानिशी ओळखत होता.

"आजोबा, सातवं?" देयानिराने विचारलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"सातवं बंद आहे."

"बघून यायचं का?"

"पाच वेळा पाहिलंय. वहीत आहे."

वहीत होतं खरं. कालव्यामागचं : बंद. बंद. पाइप घातलेत, पाणी नाही. बंद. बंद.

सातवं घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. वसंतात बांधून झालं, तेव्हा मारिक्रूस मोठ्या मायेने म्हणाली होती, "ते सुरू झालं की बरं होईल, बाबा. देया नेफला पायी नेईल. तुम्ही ओक्तावियोकडे जा. त्याच्या घरात प्रत्येक खोलीत गारवा आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तुम्ही माझ्या पोरांसाठी का भाजून घ्यायचं?" यात दुखवण्यासारखं काही नव्हतं. तेच अवघड होतं. वाईट बोलणाऱ्याशी भांडता येतं.

ओक्तावियो हा त्याचा मुलगा, घाटापलीकडे वाळवंटात राहायचा. फेब्रुवारीत कास्तुलो तिथे नऊ दिवस राहून आला होता. मुलगा-सून कामावर, फाटकाला आकड्यांचं कुलूप, आकडे कुणी सांगायला विसरलेलं. नऊ दिवसांत तो एकंदर एकेचाळीस वाक्यं बोलला, त्यातली सोळा कुत्र्याशी. कुत्राही सातव्या दिवसापासून उठून दुसऱ्या खोलीत जायला लागला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी एकटाच फिरायला गेला असताना, त्याने ते नवंकोरं पॅड पाहिलं, कडेच्या बुटक्या खांबावरचं हिरवं बटण पाहिलं आणि सहज हाताने दाबलं. चारी बाजूंनी पाणी उसळलं. कुणाचं तरी पाकीट उघडल्यासारखा तो मागे सरला, इकडेतिकडे बघितलं आणि पाणी आपोआप थांबेपर्यंत तिथेच उभा राहिला. ते नऊ दिवस आठवले म्हणून घरी येऊन त्याने वहीत पहिलं 'बंद' लिहिलं. एकतीस वर्षांत एकही ट्रक त्याने खोटा लिहिला नव्हता.

गाडी कालव्याच्या पुलावर चढली आणि बॉनेटच्या फटीतून वाफ आली. आधी धागा, मग दोरी, मग चादर. कास्तुलोने गाडी कशीबशी पुलाच्या उताराखाली आणून कडेला घेतली. इंजिन एकदा हुंदका दिल्यासारखं हललं आणि गप्प झालं.

"गेली," देयानिरा म्हणाली.

"तापलीय. अर्ध्या तासात निवेल."

"आपण निवणार नाही."

सव्वाबारा वाजले होते. त्याने दोन्हीकडची दारं उघडली. आत हवा आली, पण तीही भट्टीतून निघून इथवर चालत आलेली. बाटलीत तळाशी कोमट पाणी होतं, ते त्याने नेफ्तालीच्या तोंडाला लावलं. पोराने दोन घोट घेतले, उरलेलं गळ्यावरून सांडलं. चष्म्यात घाम साचला होता. कास्तुलोने चष्मा वर सरकवला, आणि पोराने काढू दिला. नाकापासून कानांपर्यंत चेहरा शिजलेल्या बिटासारखा. बराच वेळ त्याने उडणाऱ्या पाण्याचं विचारलंच नव्हतं, हे कास्तुलोच्या आत्ता लक्षात आलं.

"नेफ?"

"हं."

"झोप येतेय?"

"हं."

देयानिरा आजोबांकडे बघत होती.  घर डावीकडे, दोन गल्ल्या. तिथे झोपलेली मारिक्रूस आणि तिची ती सही. उजवीकडे कालव्याची जाळी, जाळीला लागून पायवाट.

कास्तुलोने पट्ट्या सोडवल्या, पोराला खांद्यावर घेतलं आणि उजवीकडे चालू लागला. पोराची कातडी त्याच्या मानेला चटका देत होती. शंभर पावलं असतील. त्याला ती मोजता आली नाहीत, आणि न मोजलेली पावलं त्याच्या आयुष्यात फार नव्हती.

पॅडवर चिटपाखरू नव्हतं. भर दुपारी, सावलीचा पत्ता नसताना, कोण येणार? त्याने नेफ्तालीला मधोमध बसवलं, बुटक्या खांबापाशी गेला आणि हिरवं बटण दाबलं. दाबायचं म्हणजे काय, तळहात टेकवला.

पाणी उसळलं. पोर दचकलं, किंचाळलं, श्वास कोंडल्यासारखं क्षणभर थांबलं आणि मग मोठ्याने रडायला लागलं. कास्तुलो बुटांसकट आत गेला, त्याला मांडीवर घेऊन ओल्या जमिनीवर बसला आणि त्याच्या डोक्यावरून, पाठीवरून पाणी निथळवत राहिला. रडणं कधी थांबलं, कधी हसणं झालं, ते त्याला कळलं नाही. चेहऱ्याचा लाल रंग हळूहळू उतरला. "चष्मा!" नेफ्तालीने हुकूम सोडला. कास्तुलोने तो खिशातून काढून त्याच्या डोळ्यांवर चढवला.

देयानिरा कडेला चपला काढत होती. तिला नवल वाटल्याचं काही दिसत नव्हतं.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "तुम्ही ऑगस्टपर्यंत तरी खेचाल."

पाणी थांबलं. चार मिनिटांनी ते आपसूक थांबायचं. तिने मागे न बघता कोपराने बटण दाबलं, पाणी पुन्हा उसळलं.

"तुला कधीपासून माहीत?"

"शाळेला सुट्टी लागली तेव्हापासून. संध्याकाळी तुम्ही खुर्चीत घोरता ना, तेव्हा रेहिनाबरोबर येते मी इथे. केस वाळवून घरी जायचं."

"मग बोलली का नाहीस? गाडीत भाजत बसलीस माझ्याबरोबर?"

तिने खांदे उडवले. पायाच्या अंगठ्याने एका भोकातलं पाणी दाबून धरलं, ते दुसरीकडून उंच उडालं.

"ओक्तावियोमामाकडे मी पण राहिलेय चार दिवस," ती म्हणाली.

 त्याने ओला हात चेहऱ्यावरून फिरवला. "हे पोर आज..." एवढंच म्हणाला.

"माहितीये," देयानिरा म्हणाली. "अजून दोन मिनिटं तुम्ही तिथेच उभे राहिला असता तर मीच सांगणार होते."

नेफ्ताली खांबापाशी पोचला होता. त्याने दोन्ही हातांनी बटणावर थाप मारली आणि चारी बाजूंनी पाणी आलेलं पाहून स्वतःच्या ताकदीवर खूश झाला. चार वाजेपर्यंत त्याने दुसऱ्या कुणाला बटणाला हात लावू दिला नाही.

घरी पोचले तेव्हा मारिक्रूस उठली होती. केसांना चिमटा, डोळ्यांखाली उशीची घडी, तव्यावर मक्याच्या भाकऱ्या. तिने तिघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गाडी कुठंय?"

"पुलापाशी," कास्तुलो म्हणाला. "उकळली."

"मग ओले कसे?"

त्याने खुर्ची ओढली. बसण्यापूर्वी सांगावं की बसून, हे तो ठरवत होता. तेवढ्यात देयानिरा म्हणाली, "कालव्यामागचं सुरू झालंय. आज."

"खरं?" मारिक्रूसचा चेहरा उजळला. थकलेल्या माणसाला एक काम कमी झाल्यावर होतो तेवढा. "अरे वा! मग सुटलोच की. बाबा, मी ओक्तावियोला फोन करते. रविवारी येऊन घेऊन जाईल तुम्हाला. ती गाडीही आता भंगारात..." तिचा एक हात भाकरी उलटत होता, दुसरा फोन शोधत होता.

कास्तुलो ताटाकडे बघत राहिला. ताट रिकामं होतं.

"पण आई, बटणाचं काय?" देयानिराने विचारलं.

"कसलं बटण?"

"दाबलं की पाणी येतं, चार मिनिटांनी बंद पडतं. फार घट्ट आहे गं. मी लटकले तरी हललं नाही. हे बघ." तिने तळहात पुढे केला. तो लालच होता, उन्हात कालव्याच्या जाळीला धरून चालल्यामुळे. "आजोबांनाच जमतं. अंगाचा जोर टाकावा लागतो."

"मी तर," नेफ्ताली म्हणाला, "मी एकट्यानेच..."

देयानिराने गरम भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. "फुंकून खा रे, राजा," ती म्हणाली.

मारिक्रूसने भाकरी तव्यावरच राहू दिली. तिने बापाचे हात पाहिले. कोपराखाली काडी झालेले, कातडी सैल. मग मुलीकडे पाहिलं, बराच वेळ. भाकरीचा जळका वास आला तेव्हा ती वळली.

"लहान मुलांच्या जागी इतकं घट्ट बटण?" ती तव्याकडे बघून म्हणाली. "कोण बसवतं असलं?"

"सरकारी काम," कास्तुलो म्हणाला. 

"उद्या टोपी घालून जा, बाबा," मारिक्रूस म्हणाली. फोन तिने पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला.

जेवणं झाल्यावर त्याने वही काढली. पानं ओलसर होऊन फुगली होती. सातव्या नावापुढच्या पाचही नोंदी त्याने एकेक करून खोडल्या आणि लिहिलं : चालू. मग थांबला. दर चार मिनिटांना एकदा, दहा ते चार, म्हणजे रोज नव्वद वेळा. सावली नाही. बसायला बाक नाही. शाळा सुरू व्हायला सात आठवडे. कुणी बघत असो वा नसो, आता बटण त्यानेच दाबायचं होतं, आणि तेही अंगाचा जोर टाकून.

बटण घट्ट, त्याने पुढे लिहिलं.

देयानिरा ताटं उचलता उचलता त्याच्या खांद्यावरून डोकावली. तिच्या केसांना अजून त्या पाण्यातल्या औषधाचा वास होता.

"फार घट्ट लिहा," ती हळूच म्हणाली.

त्याने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, आणि दोन शब्दांच्या मध्ये जागा करून ते लिहिलं.