मशीनचं पाणी

मशीनला जाणाऱ्या पाण्यात मुक्ताने बुडवलेली कागदी पट्टी गुलाबी झाली. एरवी ती पांढरीच राहायची. तिने दुसरी बुडवली. तीही गुलाबी.

"बाबा, आज सुई नको. पाण्यात क्लोरीन आहे. सेंटरला जाऊ."

तिचे सासरे यशवंतराव घरच्याच डायलिसिस मशीनपाशी हात पुढे करून बसले होते. पिताना बाधत नाही ते क्लोरीन या मशीनमधून रक्तात उतरलं तर जिवावर बेततं. त्यांनी शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. मुक्ताचं डोकं मात्र भडकलं. तिने दार उघडलं. जिन्यात इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर, ब्रांट, नळी गुंडाळत होता.

"पाइपांत क्लोरीन सोडलंत?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

"हो, काल पाइप धुतले. पाणी प्यायला उत्तम आहे."

"प्यायला! वरच्या बाळाच्या आईला सांगायला गेलात, मी पाहिलं. आमचं दार तेवढं दिसलं नाही? परक्यांचं म्हणून? माझ्या सासऱ्यांचं डायलिसिस या पाण्यावर चालतं!"

ब्रांट गोंधळला. "बाळ आहे हे मला ठाऊक होतं. डायलिसिस? तुमच्याकडे?"

मुक्ता वळली. मशीन आलं तेव्हा सेंटरने बजावलं होतं, हाउसमाइस्टरला कळवा. 'मी सांगतो' असं तिचा नवरा हृषिकेश म्हणाला होता. तो आता ऑफिसला निघण्यासाठी बूट चढवत होता.

"तू यांना सांगितलं होतंस ना?"

तो नाडीशी खेळत राहिला. "बाबा म्हणाले, आजार चव्हाट्यावर कशाला. मी... वॉशिंग मशीन आलंय म्हणालो."

"वॉशिंग मशीन!" मुक्ताचा आवाज अख्ख्या जिन्यात घुमला. "आज पट्टी बुडवली नसती तर? माणूस गेला असता, पण झाकली मूठ राहिली असती, नाही का?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. यशवंतराव सावकाश दाराशी आले. ऐन उन्हाळ्यातही परक्यासमोर त्यांनी ती बाही कधी दुमडली नव्हती. आता त्यांनी बटण काढलं आणि बाही कोपराच्या वर नेली. डायलिसिसच्या सुईसाठी शस्त्रक्रिया करून जोडलेली, दोरखंडासारखी फुगलेली शीर आतून थरथरत होती.

"त्याला म्हणावं, हात लावून बघ," ते सुनेला म्हणाले. "कसलं मशीन आहे ते कळेल."

मुक्ताने सांगितलं. ब्रांटने पँटला हात पुसले आणि पुढे केले.

"आधी साबणाने धुवा," ती अजून धुमसतच म्हणाली, आणि तिने दार पूर्ण उघडलं.